कोणती ‘साइट’? वर्डप्रेस मल्टिसाइटची माहिती वाचताना अडखळू नये म्हणून

घरात नातवंड आलं की सगळ्यांची नावं एकेक पायरी वर सरकतात. कालची आई आजी होते, कालची वहिनी आई होते. माणसं तीच. पण माळ्यावरच्या ट्रंकेतली जुनी पत्रं वाचायला घेतली, की ‘आईची तब्येत आता बरी आहे’ यातली आई कोणती, हे पत्राची तारीख बघूनच ठरवावं लागतं.

वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या मल्टिसाइटचं तसंच झालं आहे. मल्टिसाइट म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळं चालवण्याची सोय. ती आधी ‘वर्डप्रेस एमयू’ या वेगळ्या आवृत्तीत होती. एमयू म्हणजे मल्टि-यूजर. त्यात प्रत्येक संकेतस्थळाला ‘ब्लॉग’ म्हणत आणि सगळ्या ब्लॉगांच्या मिळून एका समूहाला ‘साइट’. १७ जून २०१० रोजी वर्डप्रेस ३.० आलं, एमयू मूळ वर्डप्रेसमध्ये मिसळलं आणि नावं सरकली. ब्लॉगची साइट झाली, साइटचं नेटवर्क झालं. पण सरकली ती फक्त पडद्यावर. कोडमध्ये आणि डेटाबेसमध्ये जुनी नावं राहिली, कारण ती बदलली असती तर त्यांच्यावर उभी असलेली प्लगइन्स (वर्डप्रेसला जोडायची पूरक सॉफ्टवेअरं) कोसळली असती.

म्हणून मल्टिसाइटबद्दल काहीही वाचताना ‘साइट’ शब्द आला की थांबायचं आणि हा नवा अर्थ की जुना, एवढं आधी ठरवायचं. ते कसं, ते आता पाहू. (फंक्शनची आणि टेबलांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन असतात.)

पायरी १: तारीख बघा

मजकूर २०१० च्या मध्याआधीचा असेल तर ‘साइट’ म्हणजे आजचं नेटवर्क, ‘ब्लॉग’ म्हणजे आजची साइट. त्यानंतरच्या मजकुरात बहुधा नवा अर्थ, पण ‘बहुधा’च. जुनी सवय असलेले लोक पुढेही कितीतरी दिवस ब्लॉगच म्हणत राहिले.

तुमच्या हाती आलेलं नेटवर्क स्वतः किती जुनं आहे, हेही कळू शकतं. सर्व्हरवर डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर उघडा. चित्रं ‘ब्लॉग्ज डॉट डिर’ नावाच्या फोल्डरमध्ये असतील, तर नेटवर्क वर्डप्रेस ३.५ च्या आधीचं. ‘अपलोड्स’मध्ये ‘साइट्स’ आणि त्यात २, ३, ४ असे आकडी फोल्डर असतील, तर नंतरचं.

पायरी २: शब्द कुठे भेटला ते बघा

खरा गोंधळ इथे आहे.

डॅशबोर्डवर, मेनूत, बटणावर ‘साइट’ दिसली तर अर्थ नवा: नेटवर्कमधलं एक संकेतस्थळ. इथे शंका नको.

डेटाबेसमध्ये अर्थ जुना. ‘डब्ल्यूपी ब्लॉग्ज’ या टेबलात तुमच्या सगळ्या साइट्सची यादी असते आणि ‘डब्ल्यूपी साइट’ या टेबलात नेटवर्कची नोंद. त्यामुळे दुसरं टेबल उघडल्यावर जेमतेम एक ओळ दिसते आणि नवखा माणूस घाबरतो, की बाकीच्या साइट्स गेल्या कुठे! ‘साइट मेटा’मध्ये नेटवर्कची सेटिंग्ज असतात. आणि खुद्द ‘ब्लॉग्ज’ टेबलातल्या ‘साइट आयडी’ रकान्यात नेटवर्कचा क्रमांक असतो, साइटचा नव्हे. साइटचा क्रमांक ‘ब्लॉग आयडी’मध्ये.

वर्डप्रेसची मूळ सेटिंग्ज जिथे असतात त्या कॉन्फिग फाइलमध्येही जुनाच अर्थ. ‘डोमेन करंट साइट’ म्हणजे नेटवर्कचं डोमेन.

कोडमध्ये मात्र दोन्ही पिढ्या एका पंगतीला बसलेल्या आहेत. ‘स्विच टु ब्लॉग’ तुम्हाला दुसऱ्या साइटवर नेतं. ‘गेट करंट साइट’ मागितलं तर नेटवर्क हाती येतं. उलट ‘गेट साइट्स’ हे फंक्शन ४.६ मध्ये आलेलं, म्हणून ते खरोखर आजच्या अर्थाने साइट्सच देतं. ‘गेट साइट ऑप्शन’ जुन्या घराण्यातलं, ते नेटवर्कचं सेटिंग वाचतं. एका साइटचं हवं असेल तर साधं ‘गेट ऑप्शन’. आवृत्ती ४.४ पासून ‘गेट नेटवर्क ऑप्शन’ असं सरळ नावाचं फंक्शन मिळतं. तुम्ही लिहिता त्या कोडमध्ये तेच वापरा, पुढे वाचणारा आशीर्वाद देईल.

हे मी स्वतःच्या हाताने पोळून शिकलो. एका शिक्षणसंस्थेच्या नेटवर्कवर प्रत्येक शाखेची वेगळी साइट होती. शाखेचा दूरध्वनी क्रमांक साठवायला मी ‘अपडेट साइट ऑप्शन’ वापरलं. साइटचं सेटिंग म्हणजे साइट ऑप्शन, यात चुकण्यासारखं काय आहे? दुसऱ्या दिवशी सगळ्या शाखांवर एकच क्रमांक झळकत होता, ज्या शाखेने सर्वांत शेवटी भरला तिचा. त्या शाखेतल्या बाई दिवसभर भलत्याच पालकांचे फोन घेत बसल्या.

पायरी ३: १ या आकड्यावर विश्वास ठेवू नका

ही चूक लवकर का सापडत नाही? कारण नव्या नेटवर्कमध्ये नेटवर्कचा क्रमांक १ आणि मुख्य साइटचा क्रमांकही १. कॉन्फिग फाइलमध्ये ‘साइट आयडी करंट साइट’ आणि ‘ब्लॉग आयडी करंट साइट’ या दोन ओळी शेजारी शेजारी असतात, दोन्हींत १. अदलाबदल केली तरी सगळं चालतंच.

म्हणून काहीही तपासण्याआधी एक दुसरी साइट तयार करा आणि तिच्यावर तपासा. तिचा क्रमांक २ झाला, की दोन रकाने वेगळे दिसतात: ब्लॉग आयडी २, साइट आयडी १. तिच्या लेखांचं टेबल ‘डब्ल्यूपी २ पोस्ट्स’ होतं, मुख्य साइटचं आकड्याविना राहतं. वापरकर्त्यांचं टेबल मात्र सगळ्यांचं मिळून एकच.

पायरी ४: ‘अॅडमिन’ कोणता ते विचारा

जुन्या मजकुरातला ‘साइट अॅडमिन’ म्हणजे आजचा सुपर अॅडमिन, अख्ख्या नेटवर्कचा मालक. आजचा साइटचा अॅडमिन त्यामानाने बिऱ्हाडकरू. त्याला प्लगइन किंवा थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) इन्स्टॉल करता येत नाही. लेखात स्क्रिप्ट किंवा आयफ्रेम चिकटवली तर जतन करताना वर्डप्रेस ती गाळून टाकतं. साध्या वर्डप्रेससाठी लिहिलेल्या सूचना वाचून ‘माझ्याकडे तर हा मेनूच नाही’ असं वाटलं, तर वर्डप्रेस बिघडलेलं नाही, तुमची भूमिका वेगळी आहे. सुपर अॅडमिनला हे सगळं ‘नेटवर्क अॅडमिन’ या वेगळ्या विभागात मिळतं.

तिथली दोन बटणंही सारखी वाटतात. प्लगइन ‘नेटवर्क अॅक्टिव्हेट’ केलं की ते सर्व साइट्सवर लगेच चालू होतं. थीम ‘नेटवर्क एनेबल’ केली की ती फक्त निवडीसाठी उपलब्ध होते, कोणाचंही रूप आपोआप बदलत नाही.

उपफोल्डर पद्धतीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे जिथे उपसाइटचं नाव मुख्य पत्त्याच्या पुढे जोडलेलं असतं तिथे, मुख्य साइटच्या लेखांच्या पत्त्यात ‘ब्लॉग’ हा शब्द येतो. त्याचा या भानगडीशी संबंध नाही. मुख्य साइटचा एखादा लेख आणि एखादी उपसाइट यांचा पत्ता एकच होऊ नये, एवढ्यासाठी तो घातलेला असतो.

पायरी ५: कमांड चालवून खात्री करा

डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवण्याचं साधन) वापरत असाल तर ‘डब्ल्यूपी साइट लिस्ट’ चालवा. सगळ्या साइट्सची यादी येते, आणि पहिल्याच रकान्याचं शीर्षक असतं ‘ब्लॉग आयडी’. आज्ञेत नवं नाव, उत्तरात जुनं. त्याच घरातली ‘डब्ल्यूपी साइट ऑप्शन’ ही आज्ञा मात्र नेटवर्कची सेटिंग्ज बदलते. एका साइटचं सेटिंग बदलायचं असेल तर ‘डब्ल्यूपी ऑप्शन’ वापरा आणि सोबत ‘यूआरएल’ या पर्यायात त्या साइटचा पत्ता द्या. तो द्यायला विसरलात, तर बदल मुख्य साइटवर होतो.