आयरिश न्याहारी: आधी सोडा ब्रेड, मग तवा

आयरिश न्याहारीचं ताट भरगच्च असतं. सॉसेज, बेकनचे काप (तिकडे त्यांना रॅशर म्हणतात), काळं आणि पांढरं पुडिंग (गोड पदार्थ नव्हे, जाडसर सॉसेजचाच प्रकार), टोमॅटो, मशरूम, अंडी. तरी सुरुवात करायची ती पावापासून. तो भट्टीत गेला की बाकीच्या तयारीला पाऊण तास हातात असतो.

या पावात यीस्ट नाही. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, कमी ग्लुटेनचा. यीस्टच्या पावाला तो तितकासा मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा मिळू लागला आणि लोणी काढून उरलेलं आंबट ताक तर घरोघरी होतंच. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटतो, त्यावर पाव फुगतो. म्हणूनच इथे रेंगाळून चालत नाही.

ओव्हन आधीच २३० अंशांवर तापवून ठेवा. ४५० ग्रॅम मैदा, एक सपाट छोटा चमचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ एकत्र चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर तो घास कडू लागतो, तेव्हा चाळणी टाळू नका. मधोमध खळगा करून ३५० ते ४०० मिली दाट, आंबट ताक बेताबेताने ओता. जेवणानंतर पितो ते पाणीदार ताक नको. हाताची बोटं फाकवून गोल फिरवत कालवा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, किंचित चिकट हवं. मळायचं अजिबात नाही. मळलं की पाव दडस होतो.

पिठी भुरभुरलेल्या ओट्यावर गोळा हलकेच थापून चारेक सेंटिमीटर जाडीचा करा आणि सुरीने खोल फुली मारा. फुलीमुळे मधला जाड भागही नीट भाजला जातो. १५ मिनिटांनी आच २०० अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजा. पाव उलटा करून बुडाला टकटक करा: पोकळ आवाज आला की झाला. मऊ कड आवडत असेल तर कापडात गुंडाळून ठेवा. ओव्हन नसेल तर उत्तर आयर्लंडची रीत धरा: पीठ चपटं थापून चार तुकडे करायचे आणि जाड तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकायचे.

आता तवा. सॉसेजना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती आधी, मंद आचेवर, पंधराएक मिनिटं फिरवत. मग रॅशर. पुडिंगचे बोटभर जाड काप दोन्ही बाजूंनी कडक होईपर्यंत परता. काळ्या पुडिंगमध्ये डुकराचं रक्त, चरबी आणि ओट असतात, पांढऱ्यात रक्त नसतं. कॉर्क परगण्यातल्या क्लोनाकिल्टीचं काळं पुडिंग नावाजलेलं आहे. तव्यात सुटलेल्या चरबीतच मशरूम आणि अर्धे चिरलेले टोमॅटो टाका. माझ्या मते ताटातली खरी चव तिथेच आहे. अंडी अगदी शेवटी, कारण ती थांबत नाहीत.

पावाच्या कापाला खारं लोणी सढळ हाताने लावा आणि सोबत कडक, दुधाचा चहा घ्या. पाव त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर दुसऱ्या दिवशी काप करून रॅशरच्या चरबीत खरपूस तळा.