कोकणातल्या कंपनीत लीगलला आहात? मग पुढे कसं सरकायचं ते सांगतो

लोटे, महाड, रोहा, मिरजोळे, जयगड, कुठल्याही कंपनीत लीगलला असाल तर हे अनुभवलं असेलच, की कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या मित्राचं बरं चाललेलं सगळ्यांना दिसतं, त्याचं ऑफिस होतं, ज्युनियर येतात, दारावर पाटी लागते, आणि आपण वर्षानुवर्षं लीगल ऑफिसरच, काम काय तर ॲग्रीमेंट बघून द्या आणि नोटिशीला उत्तर पाठवा. परचेसवाला चार वाजता येणार आणि म्हणणार, "वकीलसाहेब, जरा नजर टाका हो, संध्याकाळी सही आहे." आता संध्याकाळी सही असेल तर तुम्ही काय बदलणार, स्पेलिंग? माझ्या मते कंपनीतल्या वकिलाने एवढं एकच बघत राहावं, की आपल्याला किती आधी बोलावतात. सौदा ठरत असताना बोलवायला लागले की पद आणि पगाराचं बोलणं सोपं जातं.

पण आधी वकिलीच्या सनदेचं मार्गी लावा. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही, नोकरी लागली की राज्याच्या बार कौन्सिलला कळवायचं आणि सनद स्थगित ठेवायची, नोकरी सोडली की परत चालू करून घेता येते. पुढे जज व्हायचं मनात असेल तर आत्ताच विचार करा, कारण मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी 3 वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली आणि कंपनीतली वर्षं त्यात धरतील या भरवशावर अजिबात राहू नका. आणखी एक. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली जी गुप्तता मिळते ती पगारी इन-हाऊस वकिलाला मिळत नाही. म्हणजे एमडींना ईमेलवर मोकळेपणाने लिहिलेला सल्ला उद्या चौकशीत समोर येऊ शकतो, तेव्हा प्रकरण नाजूक आहे असं वाटलं की बाहेरच्या वकिलांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या आणि ईमेलवर जपून लिहा.

आता मुख्य काम, टेबल सोडायचं. प्लांटवर जा, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट कसा चालतो ते ऑपरेटरकडून समजून घ्या, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, काढून त्यातली एकेक अट कोण पाळतंय ते विचारा, संपायची तारीख स्वतःच्या कॅलेंडरला टाका. केमिकलच्या पट्ट्यात कंपनीला खरी भीती याच गोष्टींची असते, पुण्याच्या हरित लवादापुढे उभं राहावं लागलं की कन्सेंटची अट आणि प्लांटमधलं वास्तव यातला फरकच विचारला जातो, आणि तो फरक आधी सांगणारा माणूस मॅनेजमेंटला हवाच असतो. प्लांट हेडशी तुमचं बोलणं सुरू होतं ते असं.

जमिनीच्या बाबतीत तर कोकणातल्या वकिलाला दुसऱ्या कुणाची सर नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो. विस्तारासाठी दोन एकर घ्यायचे ठरतात, मुंबईचं हेड ऑफिस म्हणतं मालक तयार आहे, आणि तुम्ही सातबारा उघडता तर एका हिश्श्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं कधीच वारलेली, वारस नोंदी झालेल्या नाहीत, पोरं-नातवंडं डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याला, क्षेत्र सामाईक, वाटप झालेलं नाही, आणि इतर हक्कात कुळाचं एक जुनं नाव ज्याच्याबद्दल घरातला कुणीच बोलत नाही. आणि जो "मालक" आहे तो त्यातला एक भाऊ, हातात दोन-तीन जणांचं कुलमुखत्यारपत्र. इथे फक्त सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा अहवाल, मागवून बसू नका. सातबाऱ्यावरचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, त्यांचे नंबर घ्या, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने फेरफार काढा, खोती गेली तेव्हा जमीन कुणाच्या नावे लागली आणि कूळ कधी चढलं ते बघा, गावात जाऊन जुन्या काकांजवळ बसून वंशावळ कागदावर मांडा, मग एका पानाचा तक्ता करा, कुणाची सही झाली, कुणाची बाकी, कोण हयात नाही. तो तक्ता घेऊन टोकन, म्हणजे विसार, द्यायच्या आधी मीटिंगला गेलात ना, की पुढच्या जमिनीला पहिला फोन तुम्हालाच येतो. शिवाय गावकऱ्यांच्या आणि ग्रामपंचायतीच्या पत्राला चांगल्या, सरळ मराठीत उत्तर लिहिता येणं ही मोठी जमेची बाजू आहे, ती लपवू नका.

फायनान्स आणि परचेसशी पैशाच्या भाषेत बोला. उदाहरण देतो. एमआयडीसीतला छोटा फॅब्रिकेटर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहा, त्याचे पैसे द्यायला 45 दिवसांच्या वर मुदत चालत नाही, लेखी करारच नसेल तर 15 दिवस, उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि मुदतीत पैसे दिले नाहीत तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. परचेसच्या छापील पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, "90 दिवस" लिहिलेलं असेल तर ते शोधून फायनान्सला आकड्यासकट दाखवा, लगेच कान टवकारतात. नोट लिहिताना वरच्या तीन ओळीत काय करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर किती लागेल एवढंच. कलमं खाली.

शिकायचं म्हणाल तर सगळीकडे हात घालू नका, एक विषय पकडा. चारही लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, कंत्राटी कामगार ठेवणाऱ्या प्रत्येक प्लांटला पगाराची नवी व्याख्या समजून सांगणारं माणूस हवंय, एचआरच्या आधी तुम्ही वाचून काढा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असाल तर आणखी एक संधी आहे, 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपले दोन्ही जिल्हे तिकडे गेले, रायगड मुंबईलाच. तिथल्या वकिलांचं पॅनल बांधायचं काम स्वतः मागून घ्या, आंबा घाट चढून सुनावणीला जाऊन बसा, कोण तयारी करून येतं ते डोळ्यांनी बघा, फी ठरवा. बाहेरच्या वकिलांकडून काम करून घेणं हीच मॅनेजर व्हायची पहिली पायरी.

आणि हे सगळं लिहून ठेवा. महिनाअखेरीला अर्धा तास, कुठलं प्रकरण, किती रकमेचं, तुम्ही कधी शिरलात, काय झालं. अप्रेझलला "शंभर ॲग्रीमेंट तपासली" म्हणून कुणी वाढ देत नाही, पण "टोकन द्यायच्या आधी ही जमीन थांबवली, एवढे लाख अडकले असते" हे ऐकून घेतात. बाहेर इंटरव्ह्यूला जाताना मात्र पार्टीची नावं आणि आकडे काढून टाका. अप्रेझलच्या दोन महिने आधी साहेबांकडे पगारवाढ मागण्याआधी प्लांटच्या महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये खुर्ची मागा, आणि दोन वर्षं मागूनही मिळत नसेल तर तीच वही समोर ठेवून बायोडेटा लिहायला घ्या.