खरी फळी, आभासी कडा: व्हीआरमध्ये पायांना स्पर्श मिळवून देण्याची पद्धत

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून दिसणाऱ्या आभासी जगात, संपूर्ण शरीर उतरवायचे म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम कंपन देणाऱ्या जाकिटाकडे जाते. माझ्या मते मात्र सुरुवात पायांपासून आणि एका लाकडी फळीपासून करावी. अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आभासी खड्ड्याच्या काठाच्या जागी केवळ दीड इंच उंचीची खरी लाकडी कड ठेवली, तेव्हा सहभागी व्यक्तींच्या हृदयाचे ठोके सपाट जमिनीवरील अनुभवापेक्षा अधिक वाढले. पावलाला कड लागते आणि तिच्यापुढे आधार नाही हे कळते. पुढची खोली डोळे पुरवतात.

हेडसेट आणि हातात धरायचे कंट्रोलर डोके व हात एवढ्यांचीच जागा सांगतात. पाय दिसण्यासाठी कमरेवर एक आणि प्रत्येक पावलावर एक असे निदान तीन ट्रॅकर (त्या भागाची जागा व हालचाल टिपणारी छोटी उपकरणे) लावावेत. केवळ गतिसंवेदकांवर चालणारे ट्रॅकर स्वस्त असतात आणि आडोशामागेही काम करतात, परंतु त्यांची दिशा हळूहळू सरकते व लोखंडी कपाटाजवळ काहींची अधिकच बिघडते. नृत्यासाठी ते पुरेसे आहेत. फळीवर पाऊल नेमके पडायला हवे असेल, तर बेस स्टेशनच्या, म्हणजे खोलीत बसवलेल्या छोट्या उपकरणांच्या, लेसर किरणांवरून जागा ओळखणारे ट्रॅकर घ्यावेत. दोन बेस स्टेशन खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्यापेक्षा उंच आणि खाली झुकलेली बसवावीत. आरसे व काचेची दारे चादरीने झाकावीत, कारण परावर्तित किरणांमुळे ट्रॅकर अचानक उड्या मारतात.

फळी सपाट, न डगमगणारी आणि कडा घासून गुळगुळीत केलेली असावी. ती थेट जमिनीवरच ठेवावी, कोणत्याही आधारावर उचलून नव्हे. तिच्याभोवती चिकटपट्टीने खूण केली की ती सरकल्यास लगेच लक्षात येते. त्यानंतर आभासी फळीवरून चालण्याच्या ॲपमध्ये विचारले जाईल त्याप्रमाणे कंट्रोलर फळीच्या टोकांना टेकवून जागा नोंदवावी. जुळणी तपासताना हेडसेट घालून खाली बसावे आणि कंट्रोलर नसलेल्या हाताची बोटे खऱ्या कडेवरून फिरवावीत, तर दुसऱ्या हातातील कंट्रोलर त्याच कडेला लावून ठेवावा. चित्रात तो कडेपासून बोटभर दूर दिसला, तर नोंद पुन्हा करावी. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण चुकलेली जुळणी फळी नसण्यापेक्षा वाईट असते: डोळे एक सांगतात, पाऊल दुसरेच, आणि तोल जातो.

अनवाणी किंवा पातळ तळाच्या पादत्राणांनी चालावे. सोबत एक व्यक्ती हाताच्या अंतरावर असावी, आणि मळमळ वाटताच हेडसेट काढावा.

त्यानंतरही जाकीट हवेसे वाटले, तर त्याच्याकडून काय मिळणार हे जाणून घ्यावे. उदाहरणार्थ, टॅक्टसूट एक्स 40 या जाकिटात 40 कंपन मोटर आहेत. त्या धक्का कोठे लागला हे सांगतात, पण शरीराला मागे ढकलू शकत नाहीत. बोटाच्या टोकाला दोन ते तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगळे कळतात, पाठीला मात्र त्यासाठी काही सेंटिमीटर अंतर लागते. त्यामुळे मोटरींच्या संख्येपेक्षा जाकीट अंगाला नीट चिकटते की नाही हे आधी पाहावे. तीव्रता सर्वांत कमी ठेवून सुरुवात करावी आणि डोळ्यांना दिसलेला आघात व त्याचे कंपन एकाच क्षणी जाणवते का, हे तपासूनच ती वाढवावी.