एका कमांडमध्ये सगळे प्लगइन
वर्डप्रेसची नवी साइट उभी करायची म्हणजे तेच ते प्लगइन (साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) एकेक शोधा, 'इन्स्टॉल' दाबा, फिरतं चाक बघत बसा. वैतागून डब्ल्यूपी-सीएलआयकडे, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड लिहून वर्डप्रेस सांभाळण्याच्या साधनाकडे वळलो. 'डब्ल्यूपी प्लगइन इन्स्टॉल' लिहून पुढे सगळे स्लग मध्ये जागा सोडून द्यायचे, बस्स! स्लग म्हणजे प्लगइनच्या पानाच्या पत्त्यातला शेवटचा तुकडा. विकतच्या प्लगइनची झिप फाइलही चालते. सोबत 'ॲक्टिव्हेट' जोडलं की सगळे लगेच चालूही होतात, पण मी ते टाळतो. एका साइटवर तसं करताच पांढरं पान आलं. नेमका दोषी कोण, ते कळेना. मग प्लगइन लोड न करताच कमांड चालवणारा 'स्किप-प्लगइन्स' हा पर्याय लावून सगळे बंद केले, मग एकेक चालू करत गेलो. दोन कॅशिंग प्लगइन (तयार पानं साठवून साइट वेगवान करणारे) एकमेकांच्या मुळावर उठले होते. एक काढला, साइट सुरू.