हेप्टॅथलॉनच्या दोन दिवसांची तयारी

बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर प्रथमच विभागीय हेप्टॅथलॉनला, म्हणजे सात प्रकारांच्या गुणांची बेरीज करून निकाल लागणाऱ्या स्पर्धेला, उतरणाऱ्या मुलींनी स्पर्धेचा क्रम आधी पाठ करावा. पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळा शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर धावणे, तर दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर धावणे असते. अठरा वर्षांखालील गटात अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, गोळा ३ किलोचा आणि भाला ५०० ग्रॅमचा असतो. सरावही त्याच साहित्यावर करावा.

लांब उडी, गोळाफेक आणि भालाफेक यांत प्रत्येकी तीनच प्रयत्न मिळतात, आणि तिन्ही फाउल झाले तर त्या प्रकाराचे गुण शून्य होतात. म्हणून लांब उडीचा पहिला प्रयत्न, धावेची सुरुवातीची खूण वीतभर मागे घेऊन, फळीच्या अलीकडून निर्धोकपणे करावा. जोर नंतरच्या दोन प्रयत्नांसाठी राखावा. शून्य मिळाले तरी पुढे खेळता येते, मात्र एखाद्या प्रकाराला उतरलेच नाही तर स्पर्धाच संपते, हे रुसून तंबूत बसणाऱ्या मुलीला प्रशिक्षकांनी वेळीच सांगावे.

दोन प्रकारांमध्ये साधारणतः किमान अर्धा तास मिळतो. त्या वेळात सावलीत बसून केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू खावा, पाणी घोटाघोटाने प्यावे. (घरून आलेला भरगच्च डबा संध्याकाळीच उघडावा.)

८०० मीटरपूर्वी गुणतक्ता पाहून, पुढच्या स्पर्धकाला किती सेकंदांनी मागे टाकावे लागेल याचा हिशोब प्रशिक्षकांकडून करून घ्यावा.