गेमिंग खाते चोरलेल्या पासवर्डपासून कसे वाचवावे

एप्रिल २०२० मध्ये निन्टेन्डो कंपनीने सुमारे १ लाख ६० हजार खात्यांत परक्यांनी प्रवेश केल्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये हा आकडा ३ लाखांवर गेला. वापरलेली लॉगिन-नावे व पासवर्ड आपल्या सेवेतून नव्हे, तर अन्य मार्गाने मिळवलेले दिसतात, असे कंपनीचे म्हणणे होते. क्रेडेन्शियल स्टफिंग नावाचा हल्ला असाच चालतो: एखाद्या संकेतस्थळावरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या एक प्रोग्रॅम दुसऱ्या सेवांच्या लॉगिनवर आपोआप लावून पाहतो आणि जिथे तोच पासवर्ड पुन्हा वापरलेला असतो तिथे तो सरळ आत शिरतो. पासवर्ड कितीही अवघड असला, तरी तो दोन ठिकाणी वापरला असेल तर त्या अवघडपणाचा येथे काही उपयोग होत नाही.

म्हणून सुरुवात गेमपासून नव्हे, ईमेलपासून करावी. पासवर्ड बदलण्याची लिंक ईमेलवरच येत असल्यामुळे ईमेल परक्याच्या हाती लागला की पुढचे सारे उपाय निष्फळ ठरतात. ईमेलला पूर्णपणे नवा पासवर्ड द्यावा आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरील कोडसारखा दुसरा पुरावा मागणारी सोय, सुरू करावी. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) यासारख्या गेममध्ये आपण गूगल प्ले किंवा फेसबुकच्या खात्यातून प्रवेश करतो. तिथे जपायचे असते ते मूळ खातेच.

त्यानंतर प्रत्येक गेमिंग खात्याला वेगळा पासवर्ड द्यावा. जुन्याच पासवर्डच्या शेवटी एखादा अंक जोडणे पुरेसे नाही, कारण असे बदल करून पाहणारी साधने हल्लेखोरांकडे असतात. इतके पासवर्ड लक्षात ठेवणे अशक्यच आहे, तेव्हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारे ॲप, वापरावा. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल कोणत्या ज्ञात गळतीत सापडला आहे ते पाहता येते. मात्र तिथे नाव आढळले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण प्रत्येक गळती उघड होतेच असे नाही.

तिसरी पायरी द्विस्तरीय पडताळणीची. स्टीमवर स्टीम गार्ड मोबाइल ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी कोड तयार करणारी सोय) आहे, एपिक गेम्समध्ये ऑथेंटिकेटर ॲप जोडता येते, आणि प्लेस्टेशन व निन्टेन्डोच्या खात्यांना पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी डिजिटल किल्ली, लावता येते. पर्याय असेल तिथे एसएमएसपेक्षा ॲप आणि ॲपपेक्षा पासकी निवडावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पासकीत चोरून दुसरीकडे लावता येईल असा पासवर्डच नसतो. फोन हरवल्यास उपयोगी पडणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरात ठेवावेत. आलेला कोड कोणालाही सांगू नये, मग समोरचा स्वतःला कंपनीचा प्रतिनिधी का म्हणवेना.

खात्याला जोडलेले कार्ड गरज नसेल तर काढून टाकावे. मुलांच्या खात्यांबाबत तर पालकांनी हे आवर्जून करावे.

खात्यात कोणी शिरल्याचा संशय आला, तर आधी ईमेल सुरक्षित करावा, मग पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि नोंदवलेला ईमेल किंवा फोन क्रमांक बदलला गेला आहे का ते तपासावे. प्रवेशच बंद झाला असेल, तर जुन्या खरेदीच्या पावत्या जोडून कंपनीच्या अधिकृत मदत कक्षाकडे अर्ज करावा. भारतात पैसे गेले असल्यास बँकेला कळवून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.