३२ सेकंदांनी कटणारा फोन

दुकान आणि गोडाऊन यांच्यात बोलायला आम्ही इंटरनेटवरचे सिप फोन बसवले, रिंग मस्त वाजायची पण गोडाऊनवरून कॉल आला की माझा आवाज त्यांना जायचा आणि त्यांचा मला काहीच नाही, वर बरोब्बर ३२ सेकंदांनी कॉल कट. आधी केबल बदलली, मग हेडसेट, ५०० रुपये उगाच गेले.

मग कळलं की सिप फक्त कॉल जोडतं-तोडतं, आवाज आरटीपी नावाच्या वेगळ्या पॅकेटांतून युडीपीवर (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) येतो. आता माझा फोन राउटरच्या मागे, त्याचा पत्ता १९२.१६८ वाला म्हणजे घरगुती, आणि हा बाबा समोरच्याला तोच पत्ता देत होता! बाहेरून त्या पत्त्यावर आवाज येणार कसा? मी फोन उचलल्याची त्यांच्याकडून येणारी पोचसुद्धा त्याच पत्त्यावर जाऊन हरवायची, ३२ सेकंद वाट बघून माझा फोनच कॉल सोडून द्यायचा. म्हणजे तो आकडा योगायोग नव्हता, सिपच्या नियमातलाच टायमर आहे.

राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं सेटिंग चालू होतं. हे पत्ते दुरुस्त करायलाच असतं खरं, पण बऱ्याच राउटरांत अर्धवट काम करून घोळ वाढवतं. ते बंद केलं, फोनमध्ये स्टन सर्व्हर टाकला म्हणजे फोनला स्वतःचा बाहेरचा पत्ता कळतो, दोन्ही रीस्टार्ट केले. पहिलाच कॉल २० मिनिटं चालला, निम्मा वेळ नुसतं ‘ऐकू येतंय का’ करण्यात.